तुम्ही कोणत्या खात्यात होता?

ठाण्यात साठी ओलांडलेला माणूस जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांकडे गेला की त्याला साधारणपणे दोन प्रश्न विचारले जातात. विडी-सिगारेट ओढता का, आणि घरात कोणाला टीबी झाला होता का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ अशी आली की बहुधा एक विधान ऐकू येते, ‘वयोमानाप्रमाणे हे व्हायचेच.’ कफाचे औषध मिळते, फार तर एखादा इन्हेलर मिळतो. तो माणूस तीस-पस्तीस वर्षे कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात आणि कशाच्या धुळीत उभा होता, याची नोंद केसपेपरवर कुठेच होत नाही. व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले असते.

बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली आपल्या व्यवसायबंधूंना सुचवले होते, की रुग्णाला जे प्रश्न परंपरेने विचारले जातात त्यांत ‘तुम्ही काम काय करता?’ या प्रश्नाची भर घालावी. निवृत्त माणसाच्या बाबतीत हा प्रश्न भूतकाळात विचारावा लागतो, आणि तो तसा विचारला जात नाही, हीच माझी तक्रार आहे.

मी डॉक्टर नाही. वागळे इस्टेटमधील एका इंजिनिअरिंग कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये माझी नोकरी गेली. हजेरीची कार्डे, खातेबदलाची पत्रे, ईएसआयची आजारपणाची प्रमाणपत्रे हे सगळे माझ्या टेबलावरून जात असे, त्यामुळे कोणता माणूस कोणत्या खात्यात किती वर्षे होता हे मला सांगता येत असे. ती कंपनी आता नाही. तिच्या जागेवर रहिवासी टॉवर उभा आहे आणि ते दप्तर कुठे गेले याची कोणाला कल्पना नाही. अलीकडे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ज्यांना दम लागतो, अशांची कामाची हकीकत एका कागदावर व्यवस्थित उतरवून देण्याचे काम मी करते. तो कागद घेऊन त्यांनी छातीच्या डॉक्टरांकडे जावे, एवढाच हेतू. हे लिखाण त्या कागदाविषयी आहे.

आधी वयाचा मुद्दा निकालात काढायला हवा, कारण त्यात तथ्य आहेच. तिशीनंतर निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाचीही पहिल्या सेकंदात जोराने सोडता येणाऱ्या हवेची क्षमता दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलीलिटरने घटत जाते. बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, फुप्फुसांची लवचीकता कमी होते, श्वसनाचे स्नायू थकतात, आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची कफ वर ढकलण्याची गतीही मंदावते. परंतु या घसरणीमुळे घरातल्या घरात चालताना धाप लागू नये. निसर्गाने फुप्फुसांत भरपूर शिल्लक ठेवलेली असते. ती शिल्लक कामाच्या ठिकाणच्या धुळीने तरुणपणीच खर्च केली असेल, तर मात्र वयाची नेहमीची वजावटसुद्धा साठीनंतर जड जाते. शिवाय वाढत्या वयात धाप लागल्याची जाणीवच बोथट होते आणि माणसे नकळत आपली हालचाल आखडती घेतात. भाजी आणायला स्टेशनजवळ जाणारे गृहस्थ कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजी घेऊ लागतात, आणि विचारले तर ‘मला काही त्रास नाही’ असे सांगतात. म्हणून आजोबांना ‘दम लागतो का?’ असे विचारण्यापेक्षा दोन वर्षांपूर्वी करत असलेल्या कोणत्या गोष्टी आता सोडल्या, हे घरच्यांनी आठवून पाहावे.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी या दोन संस्थांनी २०१९ मध्ये जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, म्हणजे सीओपीडीचा, सुमारे १४ टक्के भार कामाच्या ठिकाणच्या संपर्काशी निगडित आहे, तर फुप्फुसे घट्ट होत जाण्याच्या ज्या आजाराला ‘कारण अज्ञात’ असे नाव दिले जाते त्यातही हा वाटा सुमारे २६ टक्के आहे. अज्ञात म्हटलेल्या कारणाचा एवढा मोठा भाग कामाकडे बोट दाखवत असेल, तर ते कारण शोधण्याचा प्रयत्न पुरेसा झाला होता का, अशी शंका मला येते.

धुळीधुळीत फार फरक असतो. फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, वाळूचे साचे फोडताना, ओतीव काम घासून साफ करताना, भट्टीचे अस्तर उकरून नवे बसवताना किंवा वाळूचा फवारा मारून लोखंडावरचा गंज काढताना जी धूळ उडते तिच्यात मुक्त सिलिका, म्हणजे वाळू आणि गारगोटी ज्याची बनलेली असते तो पदार्थ, भरपूर असते. तिचे घातक कण पाच मायक्रॉनहून लहान, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, हे मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण ते पचत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते आणि तीही मरते. या चक्रातून दाह होतो, त्यातून व्रणाच्या घट्ट गाठी तयार होतात, आणि काम सोडल्यानंतरही हे चक्र चालू राहते. हा सिलिकोसिस. नेहमीच्या प्रकारात तो दहा वर्षांहून अधिक काळाच्या संपर्कानंतर दिसू लागतो, त्यामुळे नोकरीत असताना तंदुरुस्त असलेल्या माणसाला निवृत्तीनंतर तो गाठू शकतो. ‘कंपनीत होते तोवर यांना काही झाले नाही’ हे वाक्य मी असंख्य बायकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यावरून कंपनीचा संबंध नव्हता असे सिद्ध होत नाही.

नवी मुंबईतील दगडखाणींचा विचार करताना इथेच थोडी सावधगिरी बाळगावी लागते. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या शहराला लागणारी खडी तुर्भे, महापे, शिरवणे, नेरुळ या पट्ट्यातील डोंगर फोडून निघाली. तिथला क्रशरवरचा प्रत्येक खोकला सिलिकोसिसचा, असे सरसकट म्हटले जाते. पण आपला सह्याद्रीचा काळा पाषाण बसाल्ट आहे. वाळूच्या दगडात किंवा ग्रॅनाइटमध्ये असते तेवढी मुक्त सिलिका त्यात नसते. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी सापडते, पण मूळ खडकात तिचे प्रमाण कमी. म्हणून क्रशरवर आयुष्य काढलेल्या माणसात जुनाट खोकला, कफ आणि सीओपीडी यांचा विचार आधी करावा लागतो, आणि सिलिकोसिसची शक्यता त्याने आणखी कुठे काम केले यावर ठरते. राजस्थानात वाळूच्या दगडाच्या खाणीत दहा वर्षे काढून इकडे आलेला मजूर आणि सोलापूरकडून येऊन थेट तुर्भ्याच्या क्रशरवर लागलेला मजूर, दोघांच्या कागदावर फक्त ‘खाणकामगार’ असे लिहिले तर अर्धी माहिती वाया जाते. बसाल्टची धूळ निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही.

सिलिकोसिसचा आणि क्षयाचा गुंता सगळ्यांत जास्त त्रास देतो. दोन्हींच्या सावल्या एक्स-रेवर बहुधा फुप्फुसांच्या वरच्या भागात दिसतात, दोन्हींत खोकला असतो आणि वजन घटते. आपल्याकडे क्षय इतका सर्रास आढळतो, की सावली दिसताच डॉक्टरांच्या मनात तोच आधी येतो. किसननगरच्या एका गृहस्थांना थुंकीत जंतू सापडलेले नसताना दोन वेळा टीबीच्या औषधांचा पूर्ण कोर्स देण्यात आला होता. सावल्या तशाच राहिल्या. त्यांनी वाळूच्या फवाऱ्यावर काम केले होते हे कोणत्याही कागदावर नव्हते. मात्र याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. सिलिकामुळे भक्षक पेशी दुबळ्या होतात, त्यामुळे सिलिकोसिस असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पटींनी अधिक असतो. सिलिकोसिस निघाला म्हणजे टीबी नाही, असे समजून थुंकीची तपासणी टाळणे धोक्याचे आहे. सिलिकोसिसच्या रुग्णांची क्षयासाठी नियमित तपासणी करावी आणि त्यांना प्रतिबंधक उपचार द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सिलिकाची धूळ कर्करोगकारक असल्याचेही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसचा हिशेब तर याहून लांबचा. हे उष्णतेला दाद न देणारे तंतुमय खनिज. बॉयलरच्या आणि वाफेच्या नळ्यांची वेष्टणे, ब्रेकची अस्तरे, गॅस्केटे, सिमेंटचे पत्रे यांत ते वापरले जाई. फुप्फुसांच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा त्यामुळे होणारा कर्करोग संपर्कानंतर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. हा काळ लक्षात घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना असा आदेश दिला, की प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. कामगाराचा आरोग्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असेही त्या निकालात म्हटले आहे. निकाल उत्तम आहे. परंतु महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक, आणि गेल्या तीन दशकांत या वसाहतीतील, पोखरण रस्त्यावरील आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील किती कारखाने उठून गेले हे ठाणेकरांना सांगायला नको. नोंद चाळीस वर्षे जपायची असते आणि कारखाना त्याआधीच मोडीत निघतो. आजार जेव्हा बोलू लागतो तेव्हा त्याला दुजोरा देणारे दप्तर शिल्लक नसते, म्हणून कामगाराने स्वतःची नोंद स्वतःच करून ठेवणे भाग आहे.

वाशीच्या बाजार समितीत धान्याची आणि मसाल्याची पोती वाहिलेल्या माथाडी कामगारांचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांच्या कामाला कोणी कारखाना समजत नाही. धान्याच्या धुळीत बुरशी आणि किडींचे अवशेष असतात, मिरचीची भुकटी श्वासनलिका चिडवते, आणि यातून दमा किंवा जुनाट कफविकार जडू शकतो. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे या कामगारांची मंडळाकडे नोंदणी झाली, एवढा एक फायदा त्यांच्या बाजूने आहे, कामाची वर्षे तरी सिद्ध करता येतात. कापसाच्या धुळीत, म्हणजे गिरण्यांच्या ब्लोरूम आणि कार्डिंग या कापूस मोकळा करून विंचरण्याच्या खात्यांत, काम केलेल्यांनी आणखी एक गोष्ट आठवून लिहावी. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून यायची का? बिसिनोसिस या आजाराची ती ओळखीची खूण आहे. वैद्यकीय पुस्तकांत तिला सोमवारचा त्रास म्हणतात, पण साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असलेल्या माणसाला ती शनिवारी दिसणार, आणि ‘सोमवारी त्रास होतो का?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणार.

वेल्डर, रंगाचा फवारा मारणारे, फोमच्या आणि रसायनांच्या कारखान्यांतले लोक यांच्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे निश्चित झाले आहे त्यांत, आहे आणि आयसोसायनेट असलेल्या रंगांमुळे दमा होतो, एवढीच नोंद इथे करते.

बायकांची हकीकत घेताना मी अधिक वेळ देते, कारण ‘मी कुठे कामाला होते? मी घरीच,’ अशीच सुरुवात होते. मग हळूहळू कळते, की लग्नाआधी गावी चुलीसमोर, इकडे आल्यावर काही वर्षे क्रशरवर खडी भरायला, पुढे मसाल्याच्या गाळ्यात मिरच्यांचे देठ खुडायला. चुलीच्या धुरामुळे सीओपीडी होतो याविषयी आता वाद उरलेला नाही, आणि कधीही विडीला हात न लावलेल्या स्त्रियांमध्ये तो आढळतो त्याचे हे एक मोठे कारण आहे. माझ्या सासूबाई सासऱ्यांचे कामाचे कपडे भिजवण्याआधी गॅलरीत झटकत असत. तो काळ घरोघरी तसाच होता. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभरात आहेत, त्यामुळे नवऱ्याचे खाते कोणते होते हा प्रश्न बायकोच्या कागदावरही यायला हवा.

आता कागदाविषयी. मी पहिल्या नोकरीपासून सुरुवात करते, शेवटच्या पदापासून नाही. पुष्कळांना ‘मी सुपरवायझर होतो’ असे सांगायचे असते, आणि ते स्वाभाविक आहे, पण फुप्फुसांचा संबंध त्याआधीच्या बारा वर्षांच्या हेल्परकीशी असतो. प्रत्येक नोकरीपुढे साल, खाते आणि प्रत्यक्ष हाताने करायचे काम लिहावे. कंपनी काय बनवत होती यापेक्षा तुमच्यासमोर काय उडत होते हे महत्त्वाचे. बिस्किटांच्या कारखान्यातला बॉयलर अटेंडंट हा डॉक्टरांच्या दृष्टीने बिस्किटवाला नाही. काम सुके होते की पाणी मारून, धूळ ओढणारा पंखा होता का आणि तो चालू असे का, तोंडाला काय बांधत होता, हेही लिहावे. बहुतेकांचे उत्तर ‘रुमाल’ असते. रुमालाने दिसणारी धूळ अडते, फुप्फुसांत शिरणारी अडत नाही. शिफ्ट संपल्यावर नाक शिंकरले तर काय रंग यायचा, हा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण सगळ्यांना उत्तर पाठ असते. सुट्टीत गावी गेल्यावर खोकला कमी व्हायचा का, बरोबरच्या किती जणांना असाच त्रास झाला, हे विचारले की जुन्या सोबत्यांची आठवण निघते आणि हकीकत लांबते. लांबू द्यावी. त्यातूनच ‘दोन वर्षे मला सँड ब्लास्टिंगला टाकले होते’ अशी एखादी विसरलेली गोष्ट बाहेर येते. विडी-तंबाखूही लपवू नये. सिलिका आणि तंबाखू दोन्ही असतील तर एकामुळे दुसरे पुसले जात नाही, नुकसान वाढते.

हा कागद हाती असला की तपासण्यांना दिशा मिळते. नुसता एक्स-रे सुरुवातीच्या आजारात स्वच्छ येऊ शकतो. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची तपासणी, व्हायलाच हवी, आणि गरजेनुसार सीटी स्कॅन. फुंकताना घट्ट बसणारी कवळी काढू नये, आणि अलीकडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका झाला असेल तर ते आधी सांगावे, कारण काही आठवडे ही तपासणी टाळावी लागते. सिलिकोसिसचे व्रण भरून काढणारे औषध नाही. पण बरोबरचा दमा किंवा सीओपीडी आटोक्यात ठेवता येतो, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसींनी न्यूमोनियाचा धोका घटतो, आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील श्वसनाचे व चालण्याचे व्यायाम माणसाला पुन्हा भाजी आणण्याइतके उभे करू शकतात. इन्हेलर घेताना हात थरथरत असेल तर स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, मागून घ्यावा. निम्म्या तक्रारी इन्हेलरच्या नसून तो ओढण्याच्या पद्धतीच्या असतात, असा माझा तरी अनुभव आहे.

कामाशी संबंध असल्याचे निदान झाले तर पुढची वाट कागदपत्रांची आहे. सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस, बिसिनोसिस हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत कळवण्याजोगे आजार म्हणून नमूद होते आणि निदान करणाऱ्या डॉक्टरांवर ते कळवण्याची जबाबदारी होती. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे भरपाईचा अर्ज कोणत्या तरतुदीखाली करायचा हे कामगार संघटनेच्या किंवा त्या विषयातील वकिलाच्या सल्ल्यानेच ठरवावे, उशीर मात्र करू नये. नोकरीचा पुरावा म्हणून पीएफचे जुने उतारे, ईएसआयचे कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, खातेबदलाचे पत्र, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, यांपैकी काहीही उपयोगी पडते. कंपनी बंद झाली म्हणून पीएफची नोंद नाहीशी होत नाही. खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर राबलेल्यांकडे यातले काहीच नसते. राजस्थानने २०१९ मध्ये अशा मजुरांसाठी स्वतंत्र धोरण आणून तपासणी, प्रमाणपत्र आणि आर्थिक मदत यांची साखळी उभी केली. महाराष्ट्रातील खाणमजुरालाही मालकाचे नाव सिद्ध न करता तपासणी आणि मदत मिळायला हवी, असे माझे मत आहे.

हकीकत निवृत्तीच्या तारखेपाशी थांबवू नये. व्हीआरएस घेतलेले किंवा कंपनी बंद पडल्याने लवकर घरी बसलेले कितीतरी लोक पुढे वॉचमन म्हणून लागले, आणि सध्या ठाण्यात वॉचमनची गरज सर्वांत जास्त पुनर्विकासाच्या इमारतींवर आहे. तिथे जुने बांधकाम पाडताना, फरशी आणि काँक्रीट सुके कापताना वाळूतली सिलिका पुन्हा हवेत येते, आणि फौंड्रीत तीस वर्षे काढलेली तीच फुप्फुसे बारा-बारा तास तिच्यात बसतात. कापताना पाणी मारायला लावणे, केबिन वारा जिकडून येतो त्या बाजूला हलवून घेणे, रुमालाऐवजी चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क वापरणे, आणि शक्य असेल तर बांधकाम पूर्ण झालेल्या सोसायटीत बदली मागणे, एवढे तरी करता येते. मुलांनी वडिलांच्या कागदावर ही शेवटची नोकरीही तारखेसह लिहावी आणि ‘अजून चालू’ असा शेरा त्यापुढे ठळक करावा, म्हणजे डॉक्टरांची नजर आधी तिथे जाईल.